चार बोटं खाली मुरूम

आमच्या मालकांच्या सासऱ्यांनी एकट्यानं मला जेवढे धक्के दिले, तेवढे सिरसाळ्याच्या आसपासच्या सगळ्या रस्त्यांनी मिळून माझ्या पिकअपला दिले नसतील. आणि आमचे रस्ते या बाबतीत हात आखडणारे नाहीत. मी मूळचा गोंदियाकडचा, भाताच्या मुलखातला. सातवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर म्हणून घरातून निघालो आणि ट्रक बदलत बदलत इथं येऊन टेकलो. मालकांनी वस्त्यांवरचं दूध आणायला पिकअप हातात दिली, घराच्या भिंतीला लागून असलेली पत्र्याची शेड राहायला दिली, आणि दिवाळीला त्यांच्या मुलांच्या बरोबरीनं मलाही शर्ट शिवला. त्या उपकारानं मी इतका वाकलेलो होतो, की मालकांनी भर अमावस्येला "आज पौर्णिमा ना रे?" असं विचारलं असतं तरी मी "होय मालक" म्हणून मोकळा झालो असतो. असा मी भित्रा माणूस, आणि माझ्या वाट्याला आले आबा.

पहिला धक्का पहिल्याच भेटीत. मी शेडमध्ये कालवणाला फोडणी देत होतो. दारात पांढरं धोतर, हातात काठी, खांद्याला फडक्यात बांधलेलं गाठोडं आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन, असं एक म्हातारं माणूस उभं राहिलं. "कोन रं तू?" मी म्हटलं, डायवर. "कुठला?" म्हटलं, गोंदियाचा. "ते कोणत्या तालुक्यात आलं?" मी उत्तर जुळवतोय तोवर पुढचा सवाल आला, "पानी कुनाचं पितोस?" माझ्या हातातली पळी तेलात पडली. कसंबसं म्हणालो, चौकातल्या हापशाचं. "मग चालतंय," असं म्हणून ते आत आले, मांडी घातली आणि गाठोडं सोडून माझ्यासमोर भाकरी ठेवली. लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी जुन्या माणसांची रीत असते. पुष्कळ जण नातवंड झालं की ती सोडतात. आबांची नातवंडं कॉलेजात गेली तरी आबांनी सोडली नव्हती. उमापूरहून दोन एसट्या बदलून महिन्या-दीड महिन्यानं लेकीला भेटायला यायचे, आणि भाकरी, ठेचा, पाणी, सगळं स्वतःचं घेऊन यायचे. ओट्यावर बसून लेकीशी पोटभर बोलायचे, पण पोट भरायला माझ्याकडं; कॅन संपला की पाणीही माझ्या हापशाचं. मी एकदा धीर करून विचारलं, "आबा, शेड तर मालकांचीच आहे." त्यांनी काठीनं भिंत ठोकली आणि निकाल दिला, "ही भिंत लेकीची. भिंतीच्या अलीकडं रस्ता. रस्ता सरकारचा. सरकारला म्या लेक दिली न्हाई."

दुसरं म्हणजे चाकं. आबांना मोटार चालवता येत नव्हती, सायकलही येत नव्हती; जन्मभर बैलगाडी हाकलेली. पण दिसेल त्या वाहनाच्या चाकाजवळ ते बसणार, टायरवर वीत टाकणार, मग बोटं मोजणार. नातीच्या बारशाला सगळे बाळ बघत होते, तेव्हा आबा पांगुळगाडा उलटा करून बघत होते म्हणे, आणि "पोरगी फरशीवर चालंल, शेणाच्या भुईत रुतंल," असं सांगून मोकळे झाले होते. हे झालं ऐकीव. माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते असं, की मालकांच्या दारात एकदा एक पुढारी आले. मोठी गाडी, टायर असे की माझ्या उश्या तेवढ्या रुंद नाहीत. पुढारी उतरतायत तोच आबा वाकले. पुढाऱ्यांना वाटलं, वयोवृद्ध माणूस पाया पडतोय. ते गडबडीनं आबांना खांद्याला धरून उठवायला लागले, "राहू द्या बाबा, राहू द्या, तुम्ही मोठे." आबा खालूनच ओरडले, "थांबा हो! दोन बोटं राह्यली मोजायची!" फोटो काढायला आलेल्यानं हसू लपवायला मान खाली घातली, मालकांचा चेहरा चुन्यासारखा झाला, आणि मी शेडमध्ये जाऊन दार लावून घेतलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. चूक कुणाचीही असो, घाबरायचं काम माझ्याकडं असायचं.

तर त्या मोठ्या गाडीच्या टायरांनीच पुढचं सगळं घडवलं. मालक राजकारणात नुकते पाय रोवत होते. माझ्या पिकअपचे टायर झिजून गुळगुळीत झालेले, पावसाळ्याआधी बदलायचे होते. मालकांनी ठरवलं, टाकायचे तर रुंद, दांडग्या नक्षीचे. "गाडी वस्तीत शिरली की लोकांनी वळून बघितलं पाहिजे." दूध आणायच्या गाडीकडं लोकांनी वळून कशाला बघायचं, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मनातच राहिला.

त्या आठवड्यात आबा आलेले होते. त्यांना हे कळलं, तसं ते मला घेऊन वस्तीच्या वाटेला आले. मध्ये दोनेक किलोमीटर नुसतं काळं रान. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस होऊन गेलेला. आबांनी मला चप्पल काढायला लावली. मग बंडीच्या आतून काय काढावं? वहिनींचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, पोळपाट! आणि भाजीची सुरी. पोळपाट चिखलावर ठेवून म्हणाले, "उभा ऱ्हा." मी राहिलो. पोळपाट थोडं दबलं आणि बसलं. "आता उचल." उचलेना. दोघांनी ओढलं तेव्हा परातभर चिखल घेऊन वर आलं. मग त्यांनी सुरी उभी खुपसली. सरळ आत गेली आणि खाली कुठं तरी कर्र वाजली. "ऐकलास? चार बोटं खाली मुरूम हाय. अरुंद चाक चिखल कापतंय, मुरमाला जाऊन टेकतंय, अन् धरतंय. रुंद चाक वरच्यावर तरंगतंय, अन् ही माती अशी लपेटून घेतंय की चाकाचा लाडू व्हतो." मी विचारलं, मग रुंद वाईटच का? "वाईट कावून? आमच्याकडं गोदागंगेच्या वाळूत रुंदच पायजे. तिथं तळच न्हाई, टेकतोस कशाला? आधी भुईला इचारावं, मग चाक घ्यावं." घरी पोचेतो वहिनी दारातच उभ्या होत्या. "आबा! माझं पोळपाट कुठंय?" आबांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "डायवरनं नेलतं."

संध्याकाळी मालक ओट्यावर बसले होते. मला हायसं वाटत होतं, की आता आबाच सांगतील. मालकांनी विचारलं, "काय मामा, रुंदच टाकू ना टायर?" आबा हसले आणि म्हणाले, "टाका की, जावईबापू. लई झ्याक दिसतेल." मी थक्क! दुपारीच माझ्या पायाला अर्धा किलो चिखल लावून शिकवलेलं सगळं त्यांनी एका वाक्यात धुऊन टाकलं होतं. मग आबा खोकले. माझ्याकडं बघून परत खोकले. मालकही माझ्याकडं वळले, "काय रे, तुझं काय म्हणणं?" माझ्या जिभेवर मुरूम आला होता, सुरी आली होती, पोळपाटसुद्धा आलं होतं. तोंडातून निघालं, "होय मालक."

नंतर शेडमध्ये आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "लेक दिली त्या घरात 'न्हाई' म्हनायचं नसतं बे. ते जावई, म्या पाव्हणा. म्हनून तर तुला शिकवलं." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

टायर बसले. आठ दिवस लोकांनी वळून बघितलं. मग पाऊस लागला, आणि एका सकाळी वस्तीवरून भरलेले कॅन घेऊन निघालो तो त्या काळ्या रानात आबांचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं झालं. चाकं चिखल गुंडाळत गेली, टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट भरली, आणि चारही चाकं जागच्या जागी थांबली, जणू कुणी हात धरला. मी खाली उतरून काठीनं, पान्यानं, शेवटी नखांनी चिखल काढत होतो. चार हात पुढं गेलो की परत लाडू. ट्रॅक्टर मिळून बाहेर निघेपर्यंत दुपार उलटली. दूध नासलं. वस्तीवरच्या बायकांनी पहाटे उठून काढलेलं दूध त्यांच्याच वाटेवर ओतावं लागलं.

मालकांना वस्तीवरून फोनवर फोन आलेले. मी दारात पोचलो तशी ते गरजले, "नवे टायर घालून दिले तरी गाडी रुतवतोस? चालवता येत न्हाई तर सांगायचं! उद्यापासून येऊ नको. जा तुझ्या गावाकडं." मी काय म्हणालो असेन? "होय मालक."

शेडमध्ये आलो तर आबा बसलेले. त्या दिवशी ते येणार हे मी विसरूनच गेलो होतो. भाकरीचं गाठोडं सोडून माझी वाट बघत होते. मी पिशवीत कपडे भरायला लागलो. दिवाळीचा शर्ट घ्यावा की ठेवावा, ते कळेना. आबांनी विचारलं, "टायरचं बोललास का त्यांना?" मी मान हलवली. "नाही, आबा." त्यांनी भाकरीचा घास मोडला. मग म्हणाले, "म्या बी न्हाई." हातातला घास त्यांनी परत फडक्यात ठेवला, काठी घेतली आणि ओट्याच्या पायऱ्या चढले. मी पिशवी हातात धरून मागं.

"सुमे," त्यांनी हाक मारली, "पानी आन."

वहिनी दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. लग्नाला त्यांच्या बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बापानं या घरात हे दोन शब्द उच्चारले नव्हते. मालक खुर्चीतून उठले. मला तर पायाखालची फरशी रुततेय असं वाटलं. वहिनींनी घाईनं पेला काठोकाठ भरून आणला, निम्मं पाणी उंबऱ्यावरच सांडलं. आबा उरलेलं पाणी वरून नाही, ओठाला पेला लावून प्यायले. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला खाली ठेवला, मिशी पुसली.

"जावईबापू, पानी पिलो. आता म्या पाव्हणा न्हाई राह्यलो, घरचा झालो. घरच्याला बोलता येतंय. टायर चुकलं. पोरगं न्हाई चुकलं."

वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या. मालक खाली बसले आणि म्हणाले, अगदी लहान आवाजात, "मामा, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तवा तहान लागली नव्हती," आबा म्हणाले.

अरुंद टायर आले. पिकअप दिसायला बारीक दिसते, लोक वळून बघत नाहीत, आणि दूध वेळेवर पोचतं. मालक आता मला विचारतात तेव्हा मी आधी 'होय' गिळतो आणि मग जे असेल ते सांगतो. दोनदा "नाही मालक"सुद्धा म्हणालो. दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही, पण नोकरी शाबूत आहे. रुंद टायरपैकी एक शेडमध्ये आडवा टाकून मी त्याची बैठक केली. आबांना मांडी घालून बसायला त्रास व्हायचा, म्हणून.

पण एकदा पाणी प्यायल्यावर जेवणाला नाही म्हणायला आबांकडं कारण उरलं नाही. आता ते आले की वहिनी आत ताट वाढतात, समोर बसून वाढतात, आणि आबा माझ्याकडं नुसते डोकावतात. परवा आले, टायरवर वीत टाकली, बोटं मोजली, त्या बैठकीवर टेकले. म्हणाले, "तुझ्या हापशाचं पानी जरा खारट व्हतं, पन सवय झालती." तेवढ्यात आतून हाक आली, "आबा, ताट वाढलंय!" ते काठीवर भार देऊन उठले. त्यांचं फडक्यातलं गाठोडं टायरवरच राहिलं. मी म्हटलं, "आबा, गाठोडं विसरलं." ते वळले नाहीत, चालता चालता म्हणाले, "विसरलो न्हाई."

सोडून बघितलं. पूर्वी त्यात दोघांची भाकरी असायची. आता एकाची असते.