कौल पुण्याचा, तार मुंबईला

माझ्या घरात फ्यूज उडाला की वायरमनला निरोप जातो. इंजिनिअरच्या घरी वायरमन, म्हणून शेजारी हसतात आणि माझी मुलं त्यांना मनापासून साथ देतात. मी मेकॅनिकलचा, विजेचा नव्हे, हे किती जणांना समजावणार? खरं तर मी दोन्हींचा व्हायचा होतो.

साठ साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मालवणच्या बंदरावर एक बर्फाचा कारखाना होता, आणि सुटीत मी तिथे उगाच घुटमळत असे. एकदा तो बंद पडला. इंजिनवाला म्हणाला, "इंजिन बरा आसा, मोटर बघा." मोटरवाला म्हणाला, "मोटर बरी आसा, इंजिन बघा." दोघांचा वाद संपेपर्यंत टोपल्यांतले बांगडे वास मारू लागले. दोन्ही कळणारा एक माणूस गावात हवा, असं मला तेव्हा वाटलं, आणि तो मीच असणार हेही वाटलं. त्या वयात असं वाटतंच.

आईला मात्र ते पटलं नाही. "एका माणसाक दोन डिग्र्यो कित्याक रे? एक घराक आणि एक बाजाराक?"

इंटर सायन्सचा निकाल चांगला लागला. मुंबईच्या आणि पुण्याच्या, दोन्ही कॉलेजांत मेकॅनिकलला नाव लागलं. विद्यापीठं दोन, नियम दोन. पुण्याला मेकॅनिकल झाल्यावर आणखी एक वर्ष काढलं की इलेक्ट्रिकलचीही डिग्री मिळायची. मुंबईला ती सोय नव्हती, पण मुंबईला काका होते. अर्ज त्यांनीच भरलेले, म्हणून माझे मूळ दाखलेही त्यांच्याकडेच होते. ते दाखले ज्या कॉलेजात जातील, तिथला मी. दोन्हीकडची शेवटची तारीख एकच, येता सोमवार.

काकांचं पत्र आलं, 'माझं मत मुंबई. तरी देवाला विचारून कळवा. कौल मिळाला की दाखले नेऊन देतो.'

बाबा घरांवरची कौलं विकत, आणि घरातले प्रश्न देवाच्या कौलावर सोडत. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आता आमच्या देवाचा स्वभाव मुळात होकाराचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणजे प्रश्न कोणता घालायचा, यातच सगळं होतं. शनिवारी सकाळी देवळात जाताना मी चार पावलं पुढे झालो आणि गुरवाला गाठलं.

"पुण्याचा इचारा."

"तुझो बापूस मुंबयचा म्हणत होतो."

"मुंबयचा इचारून काय करतलास? थंय काका आसाच."

"बरोच शाणो आसस रे तू," गुरव म्हणाला. पण बाबा आल्यावर त्याने त्यांना विचारलं, "पुण्याचा इचारलंय तर चलात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाले, "इचार. देवाक दोनय वाटो म्हायत आसत."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू पुण्याक जावन दोन इद्या शिकाक बघता. तां तुका मान्य आसात तर उजवी दी." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि ते पुरतं म्हणून होईपर्यंत उजवी पाकळी खाली आलीसुद्धा.

त्या क्षणापासून आमच्या घरात पुण्याशिवाय शब्द नव्हता. पुण्याला थंडी असते म्हणून आईने घोंगडी काढली. मी आणि बाबा तारऑफिसात गेलो. "इंग्रजी तुझा बरा, तूच लिव," बाबा म्हणाले. मी कागद ओढला आणि झोकात लिहिलं, 'कौल राइट.'

तारमास्तरांनी वाचून विचारलं, "एवढंच? आणखी काही कळवायचं नाही?"

"त्यांना कळेल," मी म्हटलं. बाबांनी नुसती मान हलवली.

गुरुवारी काकांचं कार्ड आलं. बाबा ते ओसरीवर मोठ्याने वाचू लागले. 'तार मिळाली. देवाचंही मत मुंबईच, त्याची कृपा. सोमवारी सकाळीच दाखले मुंबईच्या कॉलेजात दिले. हिने चाळभर पेढे वाटले.' शेवटच्या ओळीपर्यंत बाबांचा आवाज पार खाली गेला होता.

"तारेत पुण्याचा नाव घालूक नाय तू?"

"नाय."

"कित्याक?"

  आईने बाबांना विचारलं, "तुमी बाजूकच उभे होतास मा? तुमच्या तोंडात काय होता?"

"पान," बाबा म्हणाले.

संध्याकाळी ते गुरवाकडे गेले, मीही मागोमाग. पुन्हा एकदा कौल लावता येईल का, असं बाबांनी विचारलं. गुरव पायरीवर वाती वळत बसला होता. "देवान आपला काम केल्यान. तारेचा काम देवाक कित्याक सांगतास?" आणि मग माझ्याकडे बघून, जरा हळू, "एक शब्द घातलो असतस तर काय हात मोडलो असतो तुझो?"

पुण्याच्या कॉलेजला मी लांबलचक अर्ज लिहिला. त्यात मात्र एकही शब्द गाळला नाही. उत्तर दोन ओळींचं आलं: जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला देण्यात आली आहे.

एस.टी.त बसवताना बाबा म्हणाले, "काकाक सांगू नको हां. तेणी पेढे वाटल्यानी." मी सांगणार होतो, असं नाही. पण सांगायचंच नाही म्हटल्यावर रागवायलाही कोणी उरलं नाही. काका चांगले, बाबा चांगले, देव तर पहिल्या झटक्यात हो म्हणालेला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी काका मला सोडायला आले. दारातल्या शिपायाने विचारलं, "कुठला विभाग?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मेकॅनिकल. देवानेच निवडून दिलंय आमच्या पोराला." शिपायाने बोटाने डावीकडचा जिना दाखवला. काका खाली उभे राहून बघत होते, म्हणून मी जिना जरा लगबगीनेच चढलो.