कुणी मागितलंय का?

'रखवालदार' हे नाव त्याला सोबतच्यांनी चिडून ठेवलं होतं, आणि गडी त्यावरच खूश! राखण करायचा ती एका प्रोग्रॅमची, संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर अंधांना मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या. देशोदेशीची माणसं तो मिळून, हौसेनं लिहायची. बदल, नवा प्रयोग कुणीही पाठवावा, पण मूळ प्रोग्रॅममध्ये काय घ्यायचं ते हा ठरवणार. याचा प्रश्न एकच, "कुणी मागितलंय का?" नसेल, तर प्रयोग केराच्या टोपलीत.

थोरली बहीण, ताई, शेजारच्याच खोलीत. दृष्टी गेल्यापासून तिचं वाचन म्हणजे हाच प्रोग्रॅम. नवी चाचणी-आवृत्ती हा आधी तिच्या संगणकावर चढवायचा, आणि चढवून विसरून जायचा.

एकदा एका मुलीनं प्रयोग पाठवला. ऐकणाऱ्यानं तेच वाक्य पुन्हा मागितलं, की आवाज आपोआप सावकाश व्हायचा, एकेक शब्द सुटा करून सांगायचा. यानं तो चाचणी-आवृत्तीत ठेवला, जगभर विचारलं, हवाय का? कुणी हूं की चूं केलं नाही. झालं, काढला! मुलीनं दोनदा विनवलं, मग तीही गप्प बसली.

पुढे बऱ्याच काळानं ताई म्हणाली, "हे एवढं वाचून दाखव रे."

"अगं, प्रोग्रॅम आहे ना!" हा वैतागला.

"त्याचं बोलणं धावतं. माझे कान आता साथ देत नाहीत. मध्यंतरी बरा होता, पुन्हा विचारलं की सावकाश सांगायचा. पुस्तकंच्या पुस्तकं वाचली मी तेव्हा. मग ते बंदच झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं काम ते. म्हटलं, तुला जास्त कळतं."

अरे, जगाला विचारलंस, मग भिंतीपलीकडे विचारायला काय धाड भरली होती? स्वतःवरच चरफडत त्यानं त्या मुलीची माफी मागितली. तिनं जुना प्रयोग मुकाट्यानं पाठवून दिला. पण मूळ प्रोग्रॅम एव्हाना इतका बदलला होता, की तो कुठे जुळेचना. त्या खटपटीत महिने गेले. ताईशी बोलायचं तर आता कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे.

एकदाचं जमलं. त्यानं ताईला खुर्चीत बसवलं, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि वाक्य पुन्हा मागितलं. यंत्र सावकाश, सुटं सुटं वाचू लागलं. एक वाक्य झालं, दुसरं झालं. ताई मान पुढे करून बसली होती.

"लाव ना रे," ती म्हणाली, "कधीची वाट बघतेय."