जॉर्जेटच्या तुकड्यावरची मेमरी

माझी पहिली नोकरी सुरतच्या कापड मार्केटमधल्या एका ऑफिसात होती. साड्यांच्या छपाईची डिझाइने तिथे कॉम्प्युटरवर तयार व्हायची. तीन महिने बघू, मग पक्के करू, असे सेठ म्हणाले होते. माझे वडील सुरतेतच लिंबायत भागात लूमवर कामाला. त्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात गल्लीभर सांगून टाकले, की पोरगा एसीत बसतो, चपला काढून आत जावे लागते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मीच पहिला. नोकरी गेली तर वडील त्या गल्लीतून मान वर करून कसे चालतील, याची मला सतत धास्ती असायची.

ऑफिसातला कॉम्प्युटर जुना होता. मोठे डिझाइन उघडायला लावून चहा पिऊन यावे, तरी पडद्यावर अर्धाच पदर उमटलेला असायचा. शेवटी सेठनी मेमरी वाढवायची ठरवले. दुकानातून दोन नव्या पट्ट्या आल्या. बसवणारा इंजिनिअर दोन दिवसांनी येणार होता आणि डिझाइने तर त्याच संध्याकाळी प्रिंटिंग मिलला द्यायची होती.

"भाऊ, तू तो ग्रॅज्युएट छे ने?" सेठ म्हणाले. "तूज नाखी दे."

सगळे मराठी त्यांच्या लेखी भाऊच. मी बसवतो, म्हटले. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सरांना मेमरी बसवताना मी एकदाच पाहिले होते, तेही इतर मुलांच्या खांद्यांवरून.

मी फार काळजी घेतली, हे मुद्दाम सांगतो. हात साबणाने धुतले. वायर काढली, कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा उघडला. जुन्या पट्ट्या काढून ठेवायला टेबल धुळकट वाटले, म्हणून सॅम्पलमधला जॉर्जेटचा नवा कोरा तुकडा अंथरला. त्याच्यावर नव्या-जुन्या चारही पट्ट्या मांडल्या. त्यांच्या कडेच्या सोनेरी दातांवर धूळ नको, म्हणून त्याच कापडाने एकेक पट्टी हलकेच पुसली. देवघरातले टाक पुसावेत तशी. मग नव्या दोन पट्ट्या खाचेत तिरप्या घालून उभ्या केल्या. कट् असा आवाज आला. मला स्वतःचे कौतुक वाटले.

बटण दाबले. पडदा काळाच राहिला आणि आतून पीं... पीं... सुरू झाले.

बंद करून पुन्हा लावले. तेच. नव्या काढून जुन्या घातल्या. तरी तेच. वडिलांच्या लूमवर धागा तुटला की तो दिसतो. माणूस मशीन थांबवतो, गाठ मारतो, पुढे चालू करतो. इथे सगळे जिथल्या तिथे होते. तुटलेले काही दिसत असते तर मी रात्रभर बसून जोडले असते.

सेठनी काचेच्या दारातून डोके आत घातले. "भाऊ, आ केम रडे छे?"

कॉम्प्युटरच्या रडण्यावर बाहेर साड्यांच्या घड्या घालणारे हसले. सेठनी दुकानाला फोन लावून इंजिनिअरला तातडीने बोलावून घेतले.

तो चाळिशीचा, हिंदी बोलणारा माणूस होता. आत येताच त्याने आधी पत्र्याला हात लावला, मग तो जॉर्जेटचा तुकडा उचलला. तुकडा त्याच्या मनगटाला चिकटून वर गेला.

"ये किसने बिछाया?"

"मैंने. साफ रहे इसलिए."

"पोंछा भी इसी से?"

मी मान हलवली. त्याने कपाळाला हात लावला. "अरे भैया, रगड़ने से इस कपड़े में करंट बनता है. दिखता नहीं, पर चिप को मार देता है." मग माझ्याकडे बघत विचारले, "नौकरी नई है?"

"तीन महीने पूरे होने को हैं."

तेवढ्यात सेठ आत आले. "शुं थयुं?"

"माल खराब निकला, सेठ," तो म्हणाला. "नया पीस फॉल्टी था, उसने पुराने को भी उड़ा दिया. गलती हमारी है. अभी बदल देता हूँ."

"आवो माल वेचो छो?" सेठ कडाडले. मिलवाल्यांना काय तोंड दाखवू, छोकऱ्याला उगाच घाबरवलेत, असे बरेच काही ते बोलत राहिले. तो माणूस खाली मान घालून नव्या पट्ट्या बसवत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. 'सेठ, चूक माझी आहे,' एवढेच वाक्य. गुजरातीतही मला ते येत होते. तोंडातून निघाले नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. डिझाइने संध्याकाळी वेळेवर गेली. महिनाअखेरीस सेठनी मला पक्के केले. घरी वडिलांनी पेढे आणले.

पक्के केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सेठनी मला फोनजवळ बोलावले. भिंतीवर गरजेच्या नंबरांचा कागद लावलेला होता. "पेली दुकाननो नंबर काढी नाख, भाऊ. हवे एमने नथी बोलाववाना."

इंजिनिअरच्या दुकानाला आता बोलवायचे नव्हते. मी खिशातले पेन काढले आणि तो नंबर खोडला. सेठ बघत होते, म्हणून नीट वाचताही येणार नाही असा खोडला.