निकालाआधीचे पेढे

मोसम सुरू व्हायच्या आधीच मी पेढे वाटले. कप दूरच, पहिला सामनासुद्धा झाला नव्हता. सहा आठवड्यांपूर्वी माझे सासरे, अण्णा, न्यूझीलंडमधल्या पोरिरुआला आमच्या घरी दुपारच्या झोपेतच गेले, आणि भेटायला येणारा जो तो त्या पेढ्यांपासूनच आठवणी सुरू करतो. तेव्हा मीही तिथूनच करतो.

इथे कॉलेज म्हणजे आपलं हायस्कूल. गेल्या वर्षी माझी मुलगी इरा कॉलेजच्या मुलींच्या रग्बी टीममध्ये आली. टीमनं एक सराव सामना जिंकला आणि शाळेच्या पत्रकात छापून आलं, की इतकी तगडी टीम आजवर झाली नाही. आता माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. समोरचा ‘झालं’ म्हणाला की विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. पण ते पत्रक वाचून मी थेट इंडियन शॉप गाठलं आणि प्रॅक्टिसला जाऊन प्रत्येक मुलीच्या हातावर पेढा ठेवला. आमच्यात जिंकल्यावर हे वाटतात, असं कोच सिनाला समजावलं. तिनं पेढा तोंडात टाकला, ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाली, म्हणजे झकास, आणि मग विचारलं, पण आपण काय जिंकलो?

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. तरुणपणी कबड्डी खेळलेले. सासूबाई गेल्यापासून वर्षातले सहा महिने आमच्याकडे असत. त्यांच्यापुढे बॉक्स धरला, तर त्यांनी पेढा उचलून उलटसुलट बघितला.

"जावईबापू, निकाल लागला?"

"लागेलच की, अण्णा."

"मग लागेपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा."

मला राग आला. म्हातारा माणूस, नातीचं कौतुक करवत नाही, असं मी बायकोजवळ, मीनलजवळ, पुटपुटलोसुद्धा. बाप तिचा, तिनं अण्णांचा पेढा फ्रीजरमध्ये ठेवला.

पहिल्याच सामन्यात आमच्या मुलींची अशी धुलाई झाली, की हाफटाइमनंतर मी स्कोअरबोर्डकडे पाठ करून उभा राहिलो. माझ्या पेढ्यांचा फोटो टीमच्या पेजवर गेलेला होता. हात मिळवताना समोरच्या टीममधल्या एकीनं इराला विचारलं, आज मिठाई नाही का? घरी आल्यावर इरानं बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. "आय अ‍ॅम डन, बाबा." मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून पुढचा सामना कसा हीप्स बेटर, कितीतरी पटीनं चांगला, होईल यावर भाषण केलं. दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वेटर आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून मागच्या लॉनवर जाऊन उभे राहिले आणि इराला म्हणाले, मला पकड. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडणार होतो, मीनलनं दंड धरला. दोनदा अण्णा निसटले. "डोळे मिटतेस," ते म्हणाले. "घोट्याकडे बघ. माणूस कुठं जाणार ते घोट्याला आधी कळतं." ती इंग्रजीत बोलत होती, ते मराठीत, आणि दोघांचं छान चाललं होतं. मग पायरीवर बसून त्यांनी तिला जे सांगितलं, ते मीनलनंही कधी ऐकलं नव्हतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला निघताना त्यांच्या शाळेनं मुलांची मिरवणूक काढली होती, गुलालासकट. मुलं पहिल्याच फेरीत हरली. स्टँडवर उतरायची लाज वाटली म्हणून एसटीतून अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत आली. त्यांच्यातला सगळ्यात चांगला चढाईपटू पुन्हा मैदानावर आला नाही...

"त्याची काही चूक नव्हती," अण्णा म्हणाले. "गुलाल आम्ही मोठ्यांनी लावलेला. मी त्याला परत बोलवायलाही गेलो नाही."

मी विनाकारण नळ सोडला. थोड्या वेळानं इरानं डब्यातून बूट काढले आणि त्याच नळाखाली धुतले.

त्या वर्षी टीम तिसरी आली. शेवटच्या सामन्यात दुप्पट अंगाची एक मुलगी रेषेकडे सुटली होती. इरानं तिला घोट्यातच धरलं, उघड्या डोळ्यांनी. घरी येऊन अण्णांनी आपला पेढा मागितला. निकाल तिसऱ्या नंबरचा म्हणून अर्धाच खाल्ला आणि उरलेला इराला दिला. एवढं मोठं शाबासकीचं पत्र आमच्या घरात कुणाला मिळालेलं नाही.

अण्णांच्या अंत्यसंस्काराला सगळी टीम शाळेच्या ब्लेझरमध्ये आली. गुरुजींचे मंत्र संपल्यावर मुलींनी हाका केला, पाय आपटत, घोष करत दिलेली माओरी मानवंदना. पहिल्या रांगेत इरा. मी आयुष्यात इतका ताठ कधी उभा राहिलो नसेन.

आता नवा मोसम येतोय, आणि पत्रकात पुन्हा आलंय, इतकी तगडी टीम आजवर झाली नाही. प्रॅक्टिसला अण्णा पालकांमध्ये थांबत नसत. गोलपोस्टच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे राहत. तिथलं गवत अजून थोडं दबलेलं आहे, निदान मला तसं वाटतं. परवा मी तिथे जाऊन उभा राहिलो. हात पाठीशी बांधले. पाच मिनिटं जमलं. मग माझं ‘घोटा, घोटा!’ सुरू झालं, तेही बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना.

इरा धापा टाकत माझ्यापर्यंत आली. एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी, स्वच्छ मराठीत बोलली.

"बाबा, आजोबा इथे बघायला यायचे. तू बोलायला येतोस."