गेटसमोर लावलेली गाडी

आमच्या सावेडीतल्या घराच्या शेजारी दोन मोकळे प्लॉट होते. तिथे मंगल कार्यालय झालं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. रस्त्यावर दिवे आले, माणसांची वर्दळ आली. नवरा नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी घरी येणारा. बाकीचे दिवस घरात मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील. तेव्हा जाग असलेली चांगली, असं मी म्हणायची. पहिल्या लग्नतिथीलाच आमच्या गेटसमोर तीन गाड्या लागल्या आणि माझा तो आनंद ओसरला.

आप्पा मूळचे पारनेर तालुक्यातले. आई गेल्यावर चार वर्षं गावी एकटे राहिले. मग अंगणात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना घेऊन आले. शहर त्यांना फारसं आवडलं नाही, पण तक्रार केली नाही. त्यांचा खरा विरंगुळा एकच, संध्याकाळचा आत्याचा फोन. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, दिलेली जवळच्याच गावात. दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघंही ओरडून बोलायची.

"काय केलंतं आज?" आत्या विचारायची.

"मेथी."

"हिकडं बी मेथीच."

एवढ्यावर दोघं समाधानाने हसायची. मग गुडघे, पाऊस, कोण गेलं, कुणाला मुलगी झाली. पंधरा मिनिटं. फोन ठेवल्यावर आप्पा मला सगळं परत सांगायचे, जणू मी शेजारच्या खोलीत बसून ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी रविवार होता, पण नवरा कामामुळे आला नव्हता. सकाळी अकराच्या सुमारास आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्या आठवडाभर अंथरुणावर होती, हे आम्हाला ठाऊक होतं. "ताई, मामांना घिऊन या," तो म्हणाला. "सकाळपास्नं शुद्धीत हाय, सारखी त्यांचंच नाव काढती. डॉक्टर म्हनले, आजचा दिवस काय सांगता येत न्हाई."

आप्पांना सांगितलं. ते लगेच उठले. धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, काठी घेतली. मी गाडीचं दार उघडून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांना बसवायचं म्हणजे आधी पाठ टेकवायची आणि मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. ते झालं, पट्टा लावला. गेट उघडलं, तर समोर आडवी पांढरी गाडी. गेटला इतकी चिकटून, की कडेने माणूस कसाबसा निघेल, पण सायकलसुद्धा निघाली नसती.

मी धावत कार्यालयात गेले. दारात गुलाबपाणी शिंपडत होते. स्टेजवर माईकवाल्याला नंबर लिहून दिला. त्याने दोनदा पुकारला, पण बाहेर बँड लागला होता. त्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक. मी परत आले. आप्पा गाडीत बसूनच होते.

"येतोय का?" त्यांनी विचारलं.

"पुकारलंय. येईल आत्ता."

त्या "येईल आत्ता"नेच घात केला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आता येईलच म्हणून मी टॅक्सीला फोन करायला उशीर केला. केला तेव्हा लग्नसराईमुळे एकही गाडी मोकळी नव्हती. एकजण म्हणाला, दोन तासांनी येतो. कोपऱ्यावरून रिक्षा आणली. तिची पायरी उंच, आणि आप्पांचा पाय तेवढा उचलेना. रिक्षावाल्याने काखेत हात घालून पाहिलं, तसे आप्पा कळवळले. "न्हाई जमायचं, ह्योच येईल आता," म्हणत पुन्हा आमच्या गाडीत जाऊन बसले. रिक्षावाल्याने आणि मी पांढरी गाडी ढकलून पाहिली. गिअरमध्ये होती, तसूभर हलली नाही.

दुसऱ्यांदा कार्यालयात गेले तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. माईकवाला हळूच म्हणाला, "मॅडम, आता मध्येच कसं सांगू? अक्षता पडल्या की लगेच सांगतो." त्याचंही खरं होतं. लोक अक्षता घेऊन उभे होते, वधूची आई डोळे पुसत होती. तिथे ओरडायचा धीर मला झाला नाही. ओरडायला हवं होतं, असं आज वाटतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा पंगती बसल्या होत्या. प्रत्येक पंगतीपाशी वाकून मी विचारत फिरले, "पांढरी गाडी तुमची का?" कुणी नाही म्हणालं, कुणी मला वाढपी समजून मठ्ठा मागितला.

एक वाजून गेल्यावर गाडीवाला आला. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. मागे बायको, तिच्या खांद्यावर झोपलेलं मूल. मला गेटात उभी पाहून हसला. "सॉरी हं ताई, दोन मिनिटांसाठीच लावली होती. मग आग्रहाने जेवायला बसवलं. हॉर्न वाजवायचा ना!"

मी तोंड उघडलं. दोन तास साठलेलं सगळं ओठावर आलं होतं. पण गाडीतून आप्पांचा आवाज आला, "चल बाई, आदी निघू."

त्यामुळे त्या माणसाला मी काहीच बोलले नाही. काय झालं, हे त्याला आजही ठाऊक नाही.

शहरातल्या गर्दीतून कल्याण रोडला लागलो. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. भाळवणीच्या अलीकडे माझा फोन वाजला. आत्याच्या मुलाचं नाव दिसलं आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. फोन उचलायच्या आधीच आप्पा म्हणाले, "गेली का?"

मी फोन कानाला लावला, ऐकलं आणि मान हलवली. शेजारून उसाची ट्रॉली कुरकुरत गेली. आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने परत घातली. "चल. तोंड तरी बघू."

अंगणात माणसं जमली होती. आप्पांसाठीच थांबली होती. आत्याच्या सुनेने आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडतरडतच सांगितलं, की सकाळी आत्याने केस विंचरून घेतले, घोटभर चहा घेतला. दर थोड्या वेळाने विचारत होती, "भाऊ आला का?" "आमी सांगत हुतो, निघालेत, वाटंवर हायेत," सून म्हणाली.

आप्पांनी एकच विचारलं, "किती वाजता गेली?"

"पावनेदोनला."

सावेडीहून तिथे पोचायला एक-सव्वा तास लागतो. आप्पांनी मनात काय हिशोब केला, ते मला कळलं. मीही तोच केला होता.

दहावा-तेरावा झाला, आम्ही परत आलो. संध्याकाळी ठरल्या वेळी आप्पा फोन हातात घ्यायचे, थोडा वेळ धरायचे आणि खाली ठेवायचे. हे मी बघायची आणि माझ्या डोक्यात सणक जायची. गेटवर मी मोठी पाटी लावली. कुणी गाडी लावताना दिसलं की बाहेर धावायची. शाळेत तिसरीच्या मुलांना शांत बसवणारी मी, रस्त्यावर कुणाही परक्या माणसावर खेकसायला लागले. "तुम्हाला घरं-दारं नाहीत का? माणूस मेलं तरी तुमची पंगत उठत नाही!" शेजारी गॅलरीत यायचे. आप्पा आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. त्यांना भांडणाची लाज वाटते, असं मला वाटायचं.

तीन महिन्यांनी एका दुपारी पुन्हा तसंच झालं. गाडी करडी होती, एवढाच फरक. मला कुठे जायचंही नव्हतं. तरी मी काडी घेतली आणि पुढच्या चाकाची हवा सोडली. आत येऊन आडवी पडले, डोळा लागला.

जाग आली ती बाहेरच्या फुस-फुस आवाजाने. पाहिलं, तर आप्पा. जिन्याखालचा जुन्या स्कूटरचा हातपंप काढून, काठी गाडीला टेकवून, उन्हात उभ्या-उभ्या हवा भरत होते. सदरा पाठीला चिकटला होता. मी पोचायच्या आत गाडीवाला आला. "बाबा, पंक्चर आहे का?"

"न्हाई, हवा कमी हुती," आप्पा म्हणाले.

त्याने ओशाळून पंप घेतला, उरलेली हवा भरली, आप्पांना वाकून नमस्कार केला आणि गेला. मी गेटात तशीच उभी.

आप्पांना हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं.  मी म्हटलं, "तुम्ही कशाला गेलात उन्हात? चुकी त्यांची आणि त्रास तुम्हाला."

त्यांनी पाणी संपवलं. मग म्हणाले, "तू त्या लोकांना बोलतीस ना, तवा मला वाटतं, मलाच बोलतीस."

"तुम्हाला कशाला बोलू?"

"रिक्षा दारात आली हुती. पाय दुखला आसता, काय मेलो नसतो. आक्का वाट बघत हुती आन् मी गाडीत गादीवर बसून ऱ्हायलो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "त्या मानसाला म्हाईत नव्हतं. मला म्हाईत हुतं."

मी खूप समजावलं. रिक्षात तुम्हाला बसताच आलं नसतं, मीच टॅक्सी वेळेवर बोलवायला हवी होती, सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण ती माझ्यासाठी. तीन महिने मी रस्त्यावर ओरडत होते आणि ते आत दार लोटून ऐकत होते.

त्यानंतर मी भांडले नाही. पाटी काढली. तिचा उपयोगही नव्हता. लग्नतिथी असली की आदल्या संध्याकाळीच माझी गाडी दोन गल्ल्या पलीकडच्या मोकळ्या जागेत नेऊन लावते आणि चालत घरी येते. गेटसमोर गाड्या लागतात, तशा लागू देते.

आप्पा त्यानंतर दीड वर्ष होते. या काळात तशी घाईने निघायची वेळ पुन्हा आली नाही. त्यांची वाट बघणारं माणूस कुठल्याच गावात उरलं नव्हतं.