बारा वर्षं उभ्यानं

रविवारच्या वंदनेत वेणूबाईंनी तिसऱ्यांदा कपाळ जमिनीला टेकवलं आणि ते वर उचललंच नाही. विहारातल्या बायकांना वाटलं, बाईंची श्रद्धा आज जरा जास्तच दाटून आली. बाकीच्या आपापल्या जागी नीट बसल्या, पोरांना गप्प केलं, पुढचं सुरू झालं, तरी वेणूबाई ओणव्याच. शेवटी शेजारच्या दोघींनी बखोट्याला धरून त्यांना बसतं केलं. वेणूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "काय नाय गं, डोळा लागला." वंदनेत डोळा लागला हे सांगायची लाज वाटली नाही, पण कंबरेखालचं अंग उचललं जात नाही हे सांगायची लाज वाटली. माणसाचं असंच असतं.

हे चौऱ्याऐंशी सालचं. वेणूबाईंना रबाळ्यात येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. महाडकडच्या गावातून नवरा सिताराम आधी आला, मागून त्या आल्या. सितारामला तुर्भ्याला एका गोदामात काम मिळालं आणि वेणूबाईंना औषधाच्या एका कंपनीत. गिरजाबाई नावाच्या आगरी बाईच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. मुलगी वैशाली इथेच वाढली, इथेच शिकली आणि गेल्या साली लग्न होऊन नावड्याला गेली. एवढाच संसार, पण तो ओढता ओढता वेणूबाईंना धाप लागायची.

कंपनीतलं काम सांगायला सोपं होतं. इंजेक्शनची भरलेली बाटली मशीनखाली धरायची, तिच्या तोंडावर ॲल्युमिनियमची टोपी ठेवायची आणि उजव्या पायानं खालची पट्टी दाबायची. टोपी घट्ट बसली की बाटली पुढे. पुन्हा दुसरी. अशा दहाबारा मशिनी ओळीनं, प्रत्येकीसमोर एक बाई उभी. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार. मध्ये जेवणाची सुट्टी अर्धा तास आणि चहा दोन वेळा, तोही उभ्या उभ्याच घशाखाली ओतायचा. पहिल्या वर्षी वेणूबाई घरी येऊन झोपल्या की झोपेतही त्यांचा उजवा पाय हलायचा. सिताराम म्हणायचा, "अगं, घरात बाटल्या नाहीत."

दोन वर्षांपासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. कंबर धरायची. पहाटे उठल्यावर भिंतीला हात लावून चार पावलं टाकावी लागायची. चालताना अंग एका बाजूला कलायचं. यावर वेणूबाईंनी इलाजही केला होता. काम कोण करतो, तर उजवा पाय. मग थकणार कोण, तर उजवा पायच. म्हणून रोज रात्री जेवणं झाली की खोबरेल कोमट करून उजवा पाय पार मांडीपासून घोट्यापर्यंत चोळायचा. दवाखान्यात गेल्या तेव्हाही त्यांनी डॉक्टरांना उजवाच पाय दाखवला. डॉक्टरांसमोर पन्नास माणसं खोळंबलेली. वेणूबाईंनी जो पाय पुढे केला त्याला लावायला त्यांनी मलम दिलं. डाव्या पायाला नुसत्या मुंग्या यायच्या, आणि मुंग्या येणं हे काही दुखणं नव्हे, असं वेणूबाईंचं मत होतं. दोन वर्षं त्या उजव्या पायाचे लाड करत राहिल्या.

वंदनेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या कंपनीत मशीनपाशी पडल्या. चक्कर नाही, घसरणं नाही. डावा गुडघा अचानक लुळा पडल्यासारखा वाकला आणि बाई खाली बसल्या. हातातली बाटली फुटली, बोट कापलं. बाजूच्या मशीनवरची सुचित्रा धावली. तरुण पोर, दोनच वर्षांची नोकरी, तिला रडूच फुटलं. सुपरवायझर नंदकिशोर साहेब आले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. कुणाच्या अंगावर ओरडत नसत, पोराबाळांची चौकशी करत. पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतं.

"वेणूबाई, पायाखाली मशीनची पट्टी आहे. पडताना दाबली गेली आणि हात मशीनमध्ये गेला म्हणजे?" ते म्हणाले. "मी आठ दिवस बघतो. पुन्हा पडलात तर मला वर कळवावं लागेल. मग तुम्हाला घरीच बसवतील, माझ्या हातात काही नाही."

आठ दिवस. म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत. वेणूबाईंनी बोटाला चिंधी बांधली आणि उरलेला दिवस मशीनच्या कडेला पोट टेकवून काढला. घरी बसण्याची त्यांना भीती वाटली ती नुसत्या पगारापायी नव्हे. गावी त्यांच्या आईनं, आजीनं जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून काम मागितलं होतं. वेणूबाईंना रोज सकाळी काम मागावं लागत नव्हतं. गेटवर नाव सांगितलं की आत सोडायचे. ते नाव आता पुसलं जाणार होतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा गिरजाबाईनं अंगण नुकतंच सारवलेलं. वेणूबाईंना भान नव्हतं. त्या ओल्या अंगणातून तशाच मागे गेल्या, हंडा उचलला आणि नळावरून भरून तशाच परत आल्या. हंडा खाली ठेवतायत तोच पुढून आरडाओरडा.

"कोन गेली गो माझे सारवल्यावरशी? डोले फुटले कं तिचे?"

वेणूबाई ओशाळून पुढे आल्या. गिरजाबाई साठीची, काळीसावळी, चिवट बाई. पूर्वी तिच्या घरची भातशेती होती, ती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली. शेत गेलं तरी खाडी होती. ओहोटीला ती अजून चिखलात उतरायची, निवट्या, चिंबोऱ्या असली मासळी काढून आणायची. आता ती कमरेवर हात ठेवून पावलांकडे बघत होती. बघता बघता तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"वेनू, हिकरं ये. ह्यो बघ तुजा पाय."

डाव्या पावलाचा ठसा शेणात खोल रुतला होता, टाच नि पाची बोटं मोजून घ्यावीत इतका. त्याच्या शेजारी उजवं पाऊल नुसतं पुसट लागलेलं. अंगणभर तसंच, जाताना आणि येताना.

"कुठला पाय दुखतो म्हनतंस?"

"उजवा."

"उजवा नाय गो बाय. उजवा तर नुसता फिरायला जातंय. सगला भार ह्यो डावा व्हातंय. हंडा पन त्याच कमरंवर घेतंस. मी रोज बघतंय, पन मला वाटला तुजी चालच तशी हाय."

वेणूबाईंनी वाकून दोन्ही ठसे पुन्हा बघितले. बारा वर्षं उजव्या पायानं पट्टी दाबली, म्हणजे बारा वर्षं त्या एकट्या डाव्या पायावर उभ्या होत्या. हे साधं गणित त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ओळीतल्या कुणाच्याच आलं नव्हतं.

गिरजाबाईनं त्यांना ओट्यावर बसवलं. "खाडीत पाय रुतला ना, का नवी मानसा तोच पाय जोर लावून वोढतान. मंग सगला भार दुसऱ्या पायावर परतो नि त्यो आनखीन खाली जातो. मंग दोनी रुततान. वोढायचा नाय. आधी भार काढायचा. गुडघं टेक, हात टेक, लाज नको धरूस. मंग टाच हलू हलू मोकली व्हते." एवढं बोलल्यावर तिला अंगण आठवलं आणि तिनं उरलेला राग काढून घेतला. "नि उद्या माझा अंगन तू सारवून देनार हाईस, सांगून ठेवतंय!"

त्या रात्री वेणूबाईंनी पायाला तेल लावलं नाही. सिताराम जेवून भिंतीला टेकला होता. त्या म्हणाल्या, "उद्यापासून पाणी तुमी भरायचं."

"मी?" सितारामनं मागे वळून पाहिलं, जणू खोलीत आणखी कुणी होतं. "नळावर बायका असतात."

"मग काय चावतात काय?"

सिताराम माणूस सरळ, पण काही गोष्टी त्याला दिसतच नसत. पाणी घरात असतं, एवढंच त्याला ठाऊक. ते येतं कसं याचा त्यानं विचार केला नव्हता. वेणूबाईंनी त्याला आठ दिवसांचं सांगितलं, साहेब काय म्हणाले तेही सांगितलं. सांगताना रडू आलं आणि मग त्या रडण्याचाच राग आला. सितारामनं रात्रीच रिकामा हंडा दाराशी आणून ठेवला. पहाटे हंडा खांद्यावर घेऊन गेला आणि अर्धं पाणी सदऱ्यावर सांडून आला. नळावरच्या बायका हसल्या, हे त्यानं दोनदा सांगितलं. वेणूबाईंनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वेणूबाईंनी कंपनीतल्या फिटरला, सुभाषला, गाठलं. "ही पट्टी डाव्या बाजूला नाय का येत?"

सुभाष मशीनखाली आडवा झाला. खालून त्याचा आवाज आला, "येते की. एक बोल्ट ढिला केला की सरकते. दांडा आरपार आहे."

"एक बोल्ट?"

"एकच. पण साहेबांना विचारायला लागेल."

"विचारलं की विचार करतील. तू आधी सरकव."

सुभाषनं पाना लावला. पाच मिनिटंही लागली नाहीत. बारा वर्षांत एकीनंही खाली वाकून बघितलं नव्हतं. वेणूबाईंना हसावं की कपाळ बडवावं कळेना.

मात्र डाव्या पायाला काम ठाऊक नव्हतं. तो नवऱ्या मुलासारखा नुसता मिरवत उभा राहायचा. हात पुढे जायचा, टोपी ठेवायचा, पायाचा पत्ताच नाही. मग घाईनं दाबायचा तो इतका जोरात की टोपी वाकडी. मंगळवारी झालेल्या बाटल्यांचा आकडा इतका खाली गेला की नंदकिशोर साहेब दोनदा मशीनपाशी येऊन उभे राहिले. पट्टी सरकलेली त्यांना दिसली, पण ते काही बोलले नाहीत. बुधवारी उजवा पाय ठणकायला लागला, कारण बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यावर भार आला होता. गुरुवारी वेणूबाईंनी ठरवलं, चहापर्यंत एक बाजू, चहानंतर दुसरी. सुभाष कुरकुरत पाना घेऊन यायचा. शुक्रवारी त्यानं पानाच त्यांच्या हाती ठेवला. शनिवारी डावा पाय थोडं ऐकायला लागला. मुंग्या अजून येत, पण त्या आता गुडघ्याच्या वर चढत नसत.

सोमवार उजाडला. वेणूबाईंनी भाकरी अर्धीच खाल्ली. दिवसभर त्या बाटली, टोपी आणि पाय यापलीकडे कशाकडे बघत नव्हत्या. तीन वाजता डावा गुडघा एकदा लटपटला. त्यांनी तिथल्या तिथे भार उजव्यावर घेतला, श्वास सोडला आणि बाटली पुढे सरकवली. सुचित्राला दिसलं, पण तिनं नजर फिरवून घेतली.

साडेचारला नंदकिशोर साहेबांनी आकडा बघितला. नेहमीपेक्षा थोडा कमी, पण चालण्याजोगा. त्यांचा चेहरा उजळला. खरोखरच त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असावं. "झालं तर मग. वर कळवायची गरज नाही," ते म्हणाले. "तुमचं रेकॉर्ड बघितलं मी. कंपनीच्या हिशेबानं तुम्ही बेचाळीसच्या. अजून सोळा वर्षं आहेत रिटायरला. काळजी सोडा."

ते बेचाळीस कुठून आले होते ते वेणूबाईंना ठाऊक होतं. भरतीच्या दिवशी क्लार्कनं त्यांच्याकडे एकदा बघितलं होतं आणि कागदावर 'तीस' लिहून टाकलं होतं. त्यात वेणूबाईंची तक्रार नव्हती. पण सोळा हा आकडा त्यांच्या कानात शिरला तो बाहेर निघेना. कंपनीच्या गेटबाहेरच्या कठड्यावर त्या बसल्या आणि मागून आलेली सुचित्रा म्हणाली, "बाई, झालं ना मनासारखं? मग रडताय कशाला?"

"झालं की," वेणूबाई म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले तरी ते पुन्हा भरत होते. "आठ दिवस जिवाचं रान केलं गं. कशासाठी? तर आणखी सोळा वर्षं तिथंच उभं राहायला मिळावं म्हणून."

सुचित्रानं हातातला डबा बाजूला ठेवला. ती शेजारी बसली. कठडा तापलेला होता, तरी दोघींना उठावंसं वाटेना. बसल्या बसल्या वेणूबाईंच्या लक्षात आलं, की जेवणाची सुट्टी सोडली तर सकाळपासून आत्ता पहिल्यांदा आपण टेकलो आहोत. डावा पाय नाही आणि उजवाही नाही, दोन्ही मोकळे लोंबत होते. कितीतरी वेळ त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

मंगळवारी सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना त्या मशीनकडे न जाता काचेच्या केबिनपाशी गेल्या. आत जायची त्यांची ही बारा वर्षांतली पहिलीच वेळ. मागे सुचित्रा होती आणि ओळीतल्या आणखी तिघीजणी दारात घुटमळत होत्या. काल वाचलेली नोकरी आज आपल्याच तोंडानं जाईल, ही धास्ती वेणूबाईंना होतीच.

"साहेब, मशीनवर बसायला कायतरी द्या. स्टूल चालंल."

नंदकिशोर साहेबांनी कागदातून मान वर केली. "बसून?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "अहो वेणूबाई, बसून कुठे काम होतं का?"

वेणूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या साहेबांकडे बघत राहिल्या, मागच्या चौघीही बघत राहिल्या, आणि हळूहळू नंदकिशोर साहेबांनीही मान खाली घालून आपल्या खुर्चीकडे बघितलं.