सव्वा महिना आणि स्वस्तातलं तिकीट

लेक पहिल्या बाळंतपणाला लंडनहून माहेरी आली, तेव्हा जावयानं तिला येण्याजाण्याचं स्वस्तातलं तिकीट काढून दिलं होतं. चार महिन्यांच्या आत परत गेलंच पाहिजे, अशी त्या तिकिटाची अट. आम्ही हिशेब घातला तो आमच्या पद्धतीनं. सातवा निम्मा सरल्यावर आली, नववा भरला की बाळंत होईल, त्यावर सव्वा महिना विश्रांती. बसत होतं. पण नात दिवस उलटून जन्मली आणि सगळं पुढं सरकलं. मुदत शुक्रवारी संपत होती, सव्वा महिना शनिवारी भरत होता.

सांगलीत हळदीच्या बाजाराजवळ विमानाची तिकिटं काढून देणारं एक ऑफिस होतं. तिथं मी एस.टी.नं हेलपाटे घालत होते. कारकून पोरगा तोंडानं बरा होता.

"मावशी, तुमच्या तिकिटाला शेवटचं विमान बुधवारी. रविवारी बी जागा हायत, पण तुमच्या तिकिटाला न्हाईत."

"म्हंजे जागा रिकामी जाणार?"

"जाईल. रविवारी बसायचं तर पूर्ण भाड्याचं तिकीट पायजे. फरक भरा, आत्ता देतो."

"खुर्ची तीच ना?"

"खुर्ची तीच. जेवण बी तेच."

फरक ऐकून मी पिशवी उचलली. तिकीट बुडालं असतं तर दुसरं घ्यायला जावयाला वर्ष लागलं असतं. तोवर नातीनं बाप बघितला नसता.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, प्रवासी आजारी असल्याचा डॉक्टरचा दाखला आणला तर मुदत वाढते. मी मिरजेला गेले. जिनं बाळंतपण केलं ती डॉक्टरीण म्हणाली, "तुमची लेक ठणठणीत आहे. बाळंतीण म्हणजे आजारी नव्हे. खोटं कसं लिहू?"

राग आला, पण बाई खरं बोलत होती.

राहिला बुधवार. घरी सांगितलं तशा सासूबाई उसळल्या. "सव्वा महिना भरल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याभायेर जायाची न्हाई!"

"आवं, मी बारशाच्या दुसऱ्या दिवशी रानात भांगलायला गेलते. तुमीच धाडलं."

"व्हय, धाडलं. आन तुजी कंबर अजून दुकती. म्हणून तर हिला जाऊ देत न्हाई."

लेकच म्हणाली, "आजी, तिथं मी झोपूनच राहीन. पण जाऊ दे मला." तिथं तिला कोण झोपू देणार होतं, ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या.

परत सांगली. बुधवार पक्का केला आणि म्हणाले, निदान विमानात नातीला पाळणा तरी द्या. पाळणा फक्त पुढच्या भिंतीसमोरच्या जागेला लागतो आणि ती जागा मुंबईच्या ऑफिसातून मिळते, असं कळलं. पोरानं ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत मी बाकड्यावर डुलक्या काढल्या. पाय भरून आले होते. शेवटी जागा मिळाली.

मुंबईपर्यंत लेकीचे वडील सोबत जाणार होते. निघताना सासूबाईंनी लेकीच्या कानात कापूस घातला, वरून फडकं करकचून बांधलं. "इमानात सोडू नगंस. वारं लागंल."

मिरजेच्या फलाटावर गाडी हलायच्या आत लेकीनं फडकं सोडून पिशवीत टाकलं. मी बघितलं. खिडकीतून नातीचं टोपडं तेवढं नीट केलं.